नियमांचं नंतर बघू म्हणे!

आज सकाळपासून एकच व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. कुठल्याशा परिषदेतला. स्टेजवरचे साहेब म्हणतायत, "एआयला आधी मोकळं सोडा, नियमांचं नंतर बघू. नियम आले की इनोव्हेशन मेलंच." टाळ्या. खाली आपल्याच मित्रमंडळींचे अंगठे आणि 'शंभर टक्के सहमत'. डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत टाइप करतोय, शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा.

नंतर म्हणजे कधी हो? कोणाचं काय झाल्यावर?

माझ्या मावशीचं सांगतो. मध्यंतरी तिच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. बाकी ठणठणीत आहे, हिशेबाला तर माझ्यापेक्षा पक्की. पण डावा डोळा पुरता मिटत नाही आणि हसली की तोंड एकाच बाजूला जातं. तिचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच्या ॲपने एक दिवस चेहरा दाखवून ओळख पटवायला सांगितलं. गोलात चेहरा धरा. धरला. डोळे मिचकवा. एकच मिटला. आता हसा. मावशी हसली. 'चेहरा जुळत नाही.' मग खिडकीपाशी बसून, चष्मा काढून, केस मागे घेऊन. शेवटी तर ती ओठाचा कोपरा बोटाने वर उचलून धरत होती आणि मी समोर फोन घेऊन उभा. खातं लॉक.

हेल्पलाइनवरचा मुलगा बिचारा अदबीने बोलत होता. "सर, सिस्टीमने रिजेक्ट केलंय, आमच्या हातात काही नाही." मग कोणाच्या हातात आहे, ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्या वरिष्ठांनाही नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसाच्या पैशांवर, नोकरीवर, उपचारांवर मशीन निर्णय देणार असेल, तर तो निर्णय फिरवू शकणारा एक जिताजागता माणूस पाहिजे, आणि तो कायद्यानेच पाहिजे. कंपनीच्या मर्जीवर नको.

"अरे, एखादी केस होते अशी." एखादी? नेदरलँड्समध्ये करखात्याने मुलांच्या संगोपनाच्या अनुदानात लबाडी कोण करतंय हे हुडकायला जोखीम मोजणारा अल्गोरिदम लावला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व हा त्यात संशयाचा मुद्दा! हजारो निर्दोष आईबाप घोटाळेबाज ठरले, कर्जात बुडाले. जानेवारी 2021 मध्ये त्यावरून अख्ख्या सरकारने राजीनामा दिला. राजीनाम्याने त्या घरांची गेलेली वर्षं परत आली का? ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' नावाच्या सरकारी वसुली योजनेत तर एआयसुद्धा नव्हतं, वर्षभराच्या कमाईची नुसती सरासरी काढून गरिबांना वसुलीच्या नोटिसा धाडल्या. तिथेही लोकांना हेच उत्तर: सिस्टीम म्हणते.

आणि कंपन्यांचा निर्लज्जपणा बघायचा असेल तर एअर कॅनडाची केस वाचा. त्यांच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीचा बचाव काय, तर चॅटबॉट जे बोलला त्याला तो स्वतः जबाबदार! फेब्रुवारी 2024 मध्ये लवादाने हे धुडकावलं म्हणून बरं.

ठीक आहे, एक मान्य करतो. नियम वेडेवाकडेही होतात. मार्च 2024 मध्ये आपल्याच सरकारने सांगितलं की पुरेशी चाचणी न झालेलं एआय मॉडेल लोकांसमोर आणण्याआधी परवानगी घ्या. ओरडा झाला आणि पंधरवड्यात ती अट मागे घ्यावी लागली. लहान स्टार्टअपला कागदपत्रांचा जाच होतो, हेही खरं. मोठ्या कंपन्या वकिलांची फौज पाळतात, दोन पोरांची कंपनी कुठून आणणार? पण त्यावर उपाय आहेत की. युरोपच्या एआय कायद्यातच प्रत्येक देशाने सँडबॉक्स उघडावा असं आहे, म्हणजे देखरेखीखाली प्रयोग करायची जागा. लहान कंपन्यांना तिथे प्राधान्य आणि साधारणपणे फुकट प्रवेश. दंडातही त्यांना सूट आहे. पण हे त्या साहेबांनी सांगितलं तर टाळ्या कशा पडणार!

गंमत बघा (कसली गंमत, चीड येते), हा युरोपचा कायदा 1 ऑगस्ट 2024 ला लागू झाला, सगळे त्याला जगातला सर्वांत कडक म्हणतात. वाईटातल्या वाईट गुन्ह्याला जागतिक उलाढालीच्या 7 टक्क्यांपर्यंत दंड. आणि त्यात जास्त कडक नियम ज्यांना आहेत, त्या 'उच्च जोखमी'च्या बायोमेट्रिकच्या यादीतून एक गोष्ट मुद्दाम वगळलीय: तुम्ही स्वतःला जो म्हणवता तोच आहात का, एवढंच तपासणारी यंत्रणा. म्हणजे मावशीला ज्याने दाराबाहेर ठेवलं तेच! कडक म्हणे.

मावशीचं काम शेवटी झालं. शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, जुना फोटो पाहिला, दोन प्रश्न विचारले, सही घेतली. "चेहऱ्याला काय झालं हो?" असं हळूच विचारलंसुद्धा. मावशीला कुणीतरी विचारल्याचंच बरं वाटलं. पण ज्या ॲपवाल्यांना शाखाच नाही, त्यांच्याकडे ही बाई कुठे शोधायची?

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. माझं पोट त्यावरच आहे, तेव्हा 'तुला काही कळत नाही' ही कमेंट वाचवा. मावशीला आलेली पत्रं मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप मीच तिच्या फोनमध्ये टाकून दिलंय, आणि ते तिला मनापासून आवडतं.

पण आपल्यातलेच काही जण अशा चेहरा पडताळणीच्या सिस्टीम बनवतात. टॅग करत नाही, तुम्हाला माहितीये तुम्ही कोण ते. तुमच्या स्क्रीनवर 'चेहरा जुळत नाही'च्या खाली 'माणसाशी बोला' असं बटण आहे का? आणि ते दाबल्यावर जो फोन उचलतो, त्याला खातं उघडायचा अधिकार आहे का? तेवढं सांगा, मग इनोव्हेशनवर बोलू.