पूल उचलावा की डोलकाठी झोपवावी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. पॉटर हायमच्या पुलावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. गोव्यात खनिजाच्या बार्जवर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचा राग मला मोलाचा वाटतो, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या त्या चौदाव्या शतकातल्या दगडी कमानीचं कौतुक हे पर्यटकाचं कौतुक आहे; ज्याखालून बोट जात नाही तो पूल नव्हे, अडसर; बेल्जियमने अल्बर्ट कालव्यावरचे पूल उचलले, मग इंग्रजांना एक पूल का उचलता येऊ नये; आणि तोवर ओहोटीची वेळ बघावी, बोटीत वजन भरून ती खाली बसवावी आणि निघावं.

अल्बर्ट कालव्याचं उदाहरण अगदी नेमकं दिलंत. अँटवर्प ते लिएज, सुमारे १३० किलोमीटर, वर ६२ पूल, आणि ते सगळे ९.१० मीटर उंचीला नेले. मला ते काम मनापासून आवडतं. पण ९.१० हाच आकडा का, ते बघा. साधा कंटेनर २.५९ मीटर उंच असतो. चार थर रचले की १०.३६ मीटर होतात. त्यातला तळाचा भाग जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली जातो, म्हणून चौथा थर पुलाखालून निघतो. आधी तीनच थर निघत. अर्धा थर कुणी नेत नाही, त्यामुळे पूल हातभर उचलून पदरात काहीच पडत नाही. पुरेसा उचलला की मात्र त्याच जहाजावर, त्याच खलाशांच्या पगारात, एक तृतीयांश कंटेनर जास्त जातात. शिवाय तो कालवा आहे. लॉकगेटांनी पाणी धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे पुलाखाली आज जेवढी जागा तेवढीच जवळपास उद्याही. खर्च करायला याहून भक्कम कारण कुठलं हवं?

पॉटर हायमचा पूल ज्या थर्न नदीवर आहे, तिथे यातलं काहीच नाही. तिथून कंटेनर जात नाहीत. सुट्टीवर आलेल्या लोकांच्या बोटी जातात. आणि पाणी एका जागी राहत नाही. नकाशावर त्या कमानीची उंची साधारण दोन मीटर लिहिलेली असते, सरासरी भरतीच्या पाण्यावर, तीही फक्त कमानीच्या मधोमध. खरा आकडा पुलाच्या अलीकडे पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर वाचायचा. ती पट्टी पाण्याची खोली दाखवत नाही, पुलाखाली उरलेली जागा दाखवते. म्हणून तिच्यावरचे आकडे वर जाताना कमी होत जातात: पाणी चढलं की ते लहान आकड्याला टेकतं. पहिल्यांदा बघणारे हमखास उलटं वाचतात.

ओहोटीची वेळ साधा, असं तुम्ही म्हणता. मांडवी-झुआरीत ते शंभर टक्के बरोबर आहे. पॉटर हायम मात्र समुद्राच्या तोंडापासून इतकं आत आहे की भरती-ओहोटीचा फरक तिथे वीतभरही जेमतेम उरतो. तिथे उधाण-भांगापेक्षा वारा बघावा लागतो. उत्तर समुद्रावर वायव्येचा वारा दोन-तीन दिवस लागून राहिला की ग्रेट यार्मथला, या नद्या जिथे समुद्राला मिळतात तिथे, पाणी तुंबतं, नद्यांचं पाणी बाहेर पडत नाही, आणि कोष्टकात ओहोटी लिहिलेली असली तरी पट्टीवर ओहोटी दिसत नाही.

आता वजनाचं. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि ऱ्हाइन नदीवर हे रोज होतं. रिकामे कंटेनर घेऊन निघालेलं जहाज वर उचललेलं असतं, म्हणून टाक्यांत पाणी भरून ते पुलापुरतं खाली बसवतात. भरलेल्या बार्जपेक्षा रिकामी परतणारी बार्ज पुलाखाली जास्त जपावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगणार. पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या खाडीतून तुम्हीच त्या नेल्या आहेत. पण वर जागा मिळवली तेवढी खालून जाते. नदी उथळ असेल तर डोकं वाचतं आणि तळ घासतो.

सुट्टीच्या बोटीचा हिशोब आणखी वेगळा. नऊ मीटर लांब, तीन मीटर रुंद बोट पाण्यावर साधारण वीस चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे एक टन वजन चढवलं तर ती पाच सेंटिमीटर बसते. दहा धडधाकट माणसं आत घेतली तरी साडेतीन सेंटिमीटर. आणि ती माणसं एका बाजूला सरकली की दुसरी बाजू तेवढी वर येते! कमान मधोमध उंच आणि कडेला उतरती, त्यामुळे छताचा मधला भाग सुटतो आणि कोपरे दगडाला लागतात. त्या कमानीच्या आतल्या कडा जवळून पाहिल्यात तर फायबरचे पांढरे ओरखडे दिसतील, आणि ते सगळे खांद्याच्या जागी आहेत, माथ्यावर नाहीत.

म्हणूनच भाड्याच्या मुक्कामी बोटी तिथून पायलट, म्हणजे पूल पार करून देणारा स्थानिक जाणकार, नेत आला आहे. त्याचं मोठं काम सुकाणू धरणं नव्हे, नाही म्हणणं हे आहे. आत्ता जागा आहे म्हणून पुलाच्या वरच्या अंगाला हिकलिंगच्या तळ्याकडे गेलात, रात्रीत पाणी बोटभर चढलं, की बोट पुलापलीकडे अडकली. तो पट्टी बघतो, वारा बघतो, परतीचाही विचार करतो आणि मग किल्ली हातात घेतो. अलीकडच्या वर्षांत वरच्या थर्नची पातळी वाढली आहे आणि त्याचं ‘नाही’ वाढत चाललं आहे, हे मला मान्य आहे. त्याचं मला वाईटही वाटतं.

पण मग पूल पाडून सुटेल का? जुन्या कमानीच्या थोडं वर ए-१४९ रस्त्याचा नवा पूल आहे, आणि तोही फारसा उंच नाही. म्हणजे संरक्षित स्मारक पाडायचं, आणि पुढच्या वळणावर पुन्हा डोकं आपटायचं. दोन्ही उचलायचे तर दोन्ही बाजूंच्या रस्त्यांना लांबलचक चढ द्यावे लागतील, तेही दलदलीच्या मऊ जमिनीवर, जिथे भराव टाकला की तो खचत राहतो. हे सगळं कशासाठी? उंच, जड बोटी हिकलिंगच्या उथळ तळ्यात सोडण्यासाठी. १९७९ नंतर त्या भागात क्रौंच पक्षी पुन्हा वस्तीला आले. ठेंगण्या पुलाने तिथली गर्दी आवरून धरली आहे, आणि ती तशीच आवरलेली राहावी असं मला ठामपणे वाटतं.

डोलकाठी झोपवणाऱ्या व्हेरीला तुम्ही ‘संग्रहालयातली वस्तू’ म्हणालात, तिथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. या मालवाहू शिडाच्या बोटी शेकडो वर्षं त्या नद्यांवर कोळसा, धान्य, विटा वाहत होत्या. १८९८ सालची ‘अल्बियन’ आजही पाण्यावर आहे. डोलकाठी नाळेच्या जवळ, एका आसावर बसवलेली. बुडाशी टनाहून जास्त शिसं. बाजूंना ताण द्यायला एकही दोर नाही, फक्त पुढून एक. शीड उतरवलं आणि पुढचा दोर सैल सोडला की ती अवजड काठी एक माणूस हळूहळू मागे झोपवतो. बोट तोवर थांबत नाही. अंगातल्या वेगावर ती कमानीखालून सरकते, पलीकडे शिशाच्या भाराने काठी पुन्हा उभी राहते आणि लगेच शीड चढतं. दोन माणसांत, कधी नवरा-बायकोत, हे सगळं व्हायचं. आज ऱ्हाइनवरच्या जहाजाची सुकाणू-केबिन हायड्रॉलिकवर खाली जाते, रडारचा खांब आडवा होतो. विचार तोच आहे: जे उंच आहे ते पुलापुरतं खाली घ्यायचं. यात जुनाट काय आहे?

तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडे नॉर्विचला येणार असं लिहिलंय. तर पॉटर हायमलाच दिवसापुरती छोटी बोट भाड्याने घ्या. ‘छत दुमडल्यावर पाण्यापासून किती उंच?’ हे आधी विचारा; लांबी आणि किती जण बसतील हे नंतर. त्या बोटीला पुलाखालून जायची परवानगी आहे का, हेही विचारून घ्या. पट्टी स्वतः वाचा, तुमच्या डोळ्याला ती पायलटइतकीच लवकर कळेल. आणि वाऱ्याचा अंदाज बघताना नुसता त्या दिवसाचा नको, आधीच्या तीन दिवसांचाही बघा. तारीख ठरली की इथेच कळवा, मीही येतो.