चिरलेल्या कांद्यावर नसता आळ

पावसाळा लागला की इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक जुनाच मेसेज नव्याने फिरू लागतो. यंदा तो आमच्या ग्रुपवर कांदेनवमीच्या दुसऱ्या दिवशी आला, म्हणजे सगळ्यांच्या पोटात भजी गेल्यानंतर. मजकूर थोडक्यात असा: चिरलेला कांदा हवेतले जंतू स्वतःकडे ओढून घेतो. रात्रभर ठेवला तर त्याचं विष होतं, फ्रीजमध्येसुद्धा. पुरावा म्हणून १९१९ च्या फ्लूच्या साथीतला एक शेतकरी. पुढे मेयोनीजला क्लीन चिट आणि शेवटी ‘पूर्वजांना हे ठाऊक होतं, म्हणूनच चातुर्मासात कांदा वर्ज्य’. खाली हात जोडल्याच्या इमोजींची रांग आणि एका काकूंचा घाबरलेला प्रश्न, “मग गाडीवरच्या पोह्यांवर घालतात तो कांदा?”

प्रश्न रास्त आहे. राजवाड्याच्या आसपास सकाळी कुठल्याही गाडीवर बघा. पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात आणि शेजारी शेव, जीरावन मसाला, कोथिंबीर आणि बारीक चिरलेल्या कांद्याचं भांडं. “भिया, कांदा ज्यादा डालना” म्हणणारे आपणच असतो.

आधी त्या शेतकऱ्याचं बघू. गोष्ट अशी की त्याने घरातल्या प्रत्येक खोलीत कांदा ठेवला, म्हणून घरात कोणी आजारी पडलं नाही. डॉक्टरने तो कांदा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात फ्लूचा विषाणू दिसला. आता, फ्लूचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा. साध्या सूक्ष्मदर्शकातून २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं ओळखू येत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला १९३१ मध्ये आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढला गेला १९३३ मध्ये, लंडनला. १९१९ मध्ये तर पुष्कळ डॉक्टर फ्लू हा जिवाणूचाच रोग समजत होते. त्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि कांदे तर इथल्या घराघरात होते.

शिवाय विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते, तीही त्याला चालणारी. फ्लूचा विषाणू कांद्यावर पडला तरी तिथे त्याचा वंश वाढत नाही.

आता मुख्य आरोप, ओढून घेण्याचा. जिवाणूंना पंख नसतात आणि कांद्यात चुंबक नसतं. हवेतून धुळीबरोबर, थुंकीच्या तुषारांबरोबर जे खाली येतं ते कांद्यावर पडतं, तसंच बटाट्यावर, पोळीवर, ओट्यावरही पडतं. प्रयोगशाळेत आगरची, म्हणजे जंतूंचं खाद्य घातलेल्या जेलीची, ताटली पंधरा मिनिटं उघडी ठेवून मग ऊबवणी यंत्रात ठेवली, की दुसऱ्या दिवशी तिच्यावर टिकल्यांसारखे पांढरे-पिवळे ठिपके उमटतात. ताटलीने काही ओढलेलं नसतं. पडलेल्यांना तिथे खायला मिळालं, ऊब मिळाली, एवढंच. कांद्यावर हवेतून पडणाऱ्यांपेक्षा सुरी, पाट आणि हात यांच्यावरून येणारे कितीतरी जास्त. मेसेजात सुरीचा उल्लेखही नाही.

खरा प्रश्न पडल्यानंतरचा आहे: वाढायला काय लागतं? अन्न, पाणी, ऊब, फार आंबट नसलेली जागा आणि वेळ. कोणाला हवा लागते, कोणाला ती अजिबात चालत नाही. शेव महिनाभर डब्यात टिकते ती पाणी नसल्यामुळे, लिंबाचं लोणचं टिकतं ते आंबटपणा आणि मिठामुळे. चिरलेल्या कांद्यात पाणी भरपूर असतं आणि त्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) साडेपाचच्या आसपास, म्हणजे जिवाणूंना अडवण्याइतका तो आंबट नाही. डोळ्यांत पाणी आणणारी त्याची गंधकयुक्त द्रव्यं जिवाणूंना थोडी रोखतात, पण त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. म्हणजे कांदा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. चिरलेल्या काकडीइतकाच तो नाशवंत आहे.

उरली ऊब आणि वेळ, आणि सगळा खेळ तिथेच आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधला पट्टा जिवाणूंना मानवतो. ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू सगळं अनुकूल असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे सात तासांत वीस लाखांवर. ही कागदावरची कमाल झाली, कांद्यावर तो वेग मिळत नाही. पण मे महिन्यात ओट्यावर दुपारभर उघडा राहिलेला कांदा आणि झाकण लावून फ्रीजमध्ये चार अंशांवर ठेवलेला कांदा यांना एकाच मापाने ‘विष’ म्हणणं चुकीचं, हे त्यावरून कळावं. थंडीत जिवाणू मरत नाहीत, त्यांची चाल मंदावते. लिस्टेरियासारखे काही फ्रीजमध्येही हळूहळू वाढतात. म्हणून फ्रीज म्हणजे तिजोरी नव्हे, पण एका रात्रीत विष होण्याची गोष्ट खोटी.

कांद्यामुळे खरंच माणसं आजारी पडल्याचं एक उदाहरण आहे आणि ते मेसेज लिहिणाऱ्याला सापडलं असतं तर त्याने उचलून धरलं असतं. १९८३ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरिया गावी एका हॉटेलात खाऊन २८ जणांना बॉटुलिझम झाला, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा आजार. दोषी ठरला तो मार्गारीनमध्ये, म्हणजे लोण्याऐवजी वापरतात त्या चरबीत, परतून कोमट ठेवलेला कांदा. हे विष करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचे मातीतून आलेले बीजाणू, म्हणजे त्याची उष्णता सोसणारी सुप्त रूपं, परतताना मेले नाहीत, वरच्या चरबीने हवा तोडली, भांडं ना गरम ना गार. हवा नको असलेल्या जिवाणूला यापेक्षा काय हवं? यातली एक अट मोडली असती, म्हणजे कांदा नीट कढत ठेवला असता किंवा सरळ फ्रीजमध्ये टाकला असता, तर हे घडलं नसतं.

काळे डाग म्हणजे जंतू, असंही मेसेजात आहे. वरच्या पापुद्र्याखाली हाताला लागणारी काजळी सहसा अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी असते. दमट हवेत साठवलेल्या कांद्यावर ती धरते, चिरण्याच्या कितीतरी आधी. थोडी असेल तर ते पापुद्रे काढून कांदा धुवा. आत उतरली असेल तर फेका.

मेयोनीज निर्धोक असल्याचं मेसेजातलं म्हणणं अर्धं खरं आहे. कारखान्यातलं, व्हिनेगर घातलेलं मेयोनीज इतकं आंबट असतं की त्यात जिवाणू सहसा वाढत नाहीत. पण कच्च्या अंड्याचं, तिथल्या तिथे घोटलेलं मेयोनीज ही वेगळी चीज आहे. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली ती उगाच नाही.

चातुर्मासाबद्दल एवढंच: आपल्याकडे त्या चार महिन्यांत अख्खा कांदाही चालत नाही, फक्त चिरलेलाच नव्हे. ज्याला पाळायचं त्याने खुशाल पाळावं, त्याला जंतूंचा दाखला कशाला?

तर काकू, गाडीवर कांद्याकडे बघू नका, भांड्याकडे बघा. झाकण आहे का, माशा आहेत का, पैसे घेणारा हातच कांदा उचलतोय का? नऊ वाजता ताजा चिरताना दिसला तर घाला भरपूर. दुपारी एकला तळाशी पाणी सुटलेला, बुळबुळीत कांदा असेल तर नुसत्या शेवेवर भागवा. घरी उरलेला अर्धा कांदा डब्यात घालून लगेच फ्रीजमध्ये टाका आणि दोन-तीन दिवसांत फोडणीला लावा.