स्मोल्ट्झचा सौदा इतकाही मूर्खपणाचा नव्हता

'१९८७ साली डेट्रॉईटने डॉइल अलेक्झांडरसाठी जॉन स्मोल्ट्झला देऊन टाकणं हा बेसबॉलमधला सर्वांत मूर्ख सौदा' हे बेसबॉलमधल्या सौद्यांवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. स्मोल्ट्झ हा पिचर (चेंडू फेकणारा) पुढे हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानयादीत) गेला, हे आपल्याला आज माहीत आहे. त्या ऑगस्टमध्ये तो वीस वर्षांचा, डबल-एमध्ये (मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खाली) ४ सामने जिंकून १० हरलेला पोरगा होता. अलेक्झांडर, तोही पिचरच, आला आणि नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही. त्याने सुरुवात केलेले अकराही सामने टायगर्सनी, म्हणजे डेट्रॉईटने, जिंकले. गटात टोरांटोला त्यांनी मागे टाकलं ते फक्त दोन सामन्यांनी. आता तो नसता तर काय झालं असतं, सांगा! (प्लेऑफमध्ये मिनेसोटाने त्याला धुतलं, ते मान्य.)

बोल लावायचाच तर १९९० च्या बोस्टनला लावा. लॅरी अँडरसन या पिचरकडून नियमित मोसमातल्या २२ इनिंग घेतल्या आणि जेफ बॅगवेल ह्यूस्टनला देऊन बसले. बॅगवेल त्या वेळीच डबल-एमध्ये .३३३ च्या सरासरीने (दर तीन संधींत एक हिट) ठोकत होता, म्हणजे त्याची किंमत दिसत होती. त्याच्या जागेवर, तिसऱ्या बेसवर, आधीच वेड बॉग्ज आहे म्हणून याला जागा नाही, असं म्हणे! पोराला पहिल्या बेसवर उभं करायचं. ह्यूस्टनने तेच केलं आणि १९९४ चा एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) मिळवला. माझा एक बोस्टनवाला सहकारी आजही हे नाव निघालं की विषय बदलतो. लेखात या सौद्याचा उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं.