मुलांसाठी ‘न चावणाऱ्या जातीचे पिल्लू’: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

घरात लहान मूल आहे आणि कुत्रा पाळायचा आहे, असे कोणी म्हटले की एक ठरावीक सल्ला लगेच पुढे येतो. तो इतक्या ठिकाणी आणि इतक्या सारख्या शब्दांत वाचायला मिळतो की तपासून पाहावा असे फारसे कोणाला वाटतही नाही. त्याचा सारांश असा: लॅब्रॅडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर आणा, कारण या जाती मुलांना चावत नाहीत, पिल्लूच आणा, म्हणजे ते मुलाबरोबर वाढेल, मोठा कुत्रा दत्तक घेऊ नका, कारण त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, मूल अगदी लहान असेल तर छोट्या चणीचा आणि ॲलर्जी असेल तर कुरळ्या केसांचा कुत्रा घ्या, मुलाला त्याची शेपूट ओढू द्या, त्याच्या खाण्याच्या भांड्यात हात घालू द्या, म्हणजे त्याला सवय होते, आणि कुत्र्याचे सगळे मुलावर सोपवा, म्हणजे मूल जबाबदारी शिकते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक विधान एक तर अर्धेच खरे आहे किंवा सरळ चुकीचे आहे, आणि त्या चुकीचे परिणाम मूल आणि कुत्रा या दोघांनाही भोगावे लागतात.

आधी जातीचा मुद्दा घेऊ, कारण बाकीचा सल्ला त्याच्याच आधारावर उभा आहे. लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर या दोन्ही जाती एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये शिकारीच्या कामासाठी घडवल्या गेल्या. बंदुकीने पाडलेला पक्षी शोधायचा आणि त्याला दात न लावता तोंडात धरून मालकापर्यंत आणायचा, हे त्यांचे काम. माणसाबरोबर काम करण्याची तयारी त्यांच्यात सर्वसाधारणपणे दिसते ती या निवडीमुळे, आणि त्यांची लोकप्रियताही बऱ्याच अंशी त्यामुळेच आहे. अमेरिकेत जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या क्रमवारीत लॅब्रॅडोर १९९१ ते २०२१ अशी सलग ३१ वर्षे पहिल्या स्थानावर होता. मात्र त्याच निवडीमुळे दिसेल ते तोंडात धरण्याची ओढही या कुत्र्यांमध्ये प्रबळ असते, आणि लहान मुलाच्या घरात ‘दिसेल ते’ म्हणजे खेळणे, बाही किंवा हातच असतो. लॅब्रॅडोरच्या खादाडपणामागे तर आनुवंशिक कारणही सापडले आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडोरमध्ये ‘पॉमसी’ या जनुकाचा एक तुकडा गहाळ असतो आणि असे कुत्रे अन्नाच्या मागे अधिक लागतात. दुडुदुडु चालणाऱ्या मुलाच्या हातातील खाऊ अशा कुत्र्याच्या नेमका तोंडासमोर येतो, आणि पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडोरचे वजन २५ ते ३६ किलो असते, ही गोष्ट ‘मुलांसाठी सर्वांत सुरक्षित जात’ असे म्हणताना कोणी सांगत नाही.

तरीही हे सारे गुण सरासरीचे आहेत, आणि तुमच्या घरी सरासरी येत नाही, एक विशिष्ट कुत्रा येतो. या दृष्टीने ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास फार महत्त्वाचा आहे. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांबद्दल त्यांच्या मालकांनी दिलेली उत्तरे आणि त्यांपैकी दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय माहिती एकत्र करून पाहिली असता, एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी केवळ ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो असे आढळले. माणसाचे ऐकण्याची वृत्ती जातीशी काहीशी निगडित दिसली; परंतु त्रासदायक किंवा भीतिदायक गोष्टीने कुत्रा किती चटकन बिथरतो, म्हणजे पालकांना ज्याची सर्वाधिक काळजी असते नेमके ते, जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. म्हणून ‘ही जात चावत नाही’ हे विधान टिकत नाही. दात असलेला, घाबरू शकणारा आणि दुखणे सोसणारा कोणताही कुत्रा चावू शकतो, आणि हे मान्य केल्याने कोणत्याही कुत्र्याचा अपमान होत नाही.

याचा अर्थ जातीची माहिती निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. कुत्रा किती मोठा होणार, त्याचे केस किती गळणार, त्याला रोज किती धावणे लागणार, त्याला कोणते आनुवंशिक आजार संभवतात, हे जातीवरून बरेचसे कळते. मेंढ्या वळवण्यासाठी निवडलेल्या बॉर्डर कॉलीसारख्या जातीतील कुत्रा पळणाऱ्या मुलांमागे धावून त्यांच्या टाचांना दात लावण्याची शक्यता असते, हेही आधी माहीत असलेले बरे. जात निवडीचा आरंभ ठरवू शकते, निर्णय ठरवू शकत नाही.

दुसरे विधान पिल्लाचे. मूल आणि पिल्लू एकत्र वाढताना पाहण्याची कल्पना मोहक आहे आणि तिच्याबद्दल मला आकस नाही. परंतु पिल्लू म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर आपण लिहू ते उमटेल, ही समजूत चुकीची आहे. पिल्लाला माणसे, आवाज, इतर प्राणी यांची ओळख सहजपणे होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये, हे लक्षात घेतले तर त्या मोलाच्या काळाचा जवळजवळ अर्धा भाग पैदास करणाऱ्याच्या घरीच संपलेला असतो. तेथे त्याने लहान मूल पाहिलेच नसेल किंवा ते एखाद्या अंधाऱ्या खोलीत वाढले असेल, तर त्याचा परिणाम तुमच्याबरोबर घरी येतो. म्हणून पिल्लूच आणायचे ठरले असेल तर ते कोठे आणि कोणाच्या सहवासात वाढले, हे प्रत्यक्ष जाऊन, आईसह पाहिल्याशिवाय आणू नये. आईला भेटू न देणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे वर्ष कसे जाते, हेही या सल्ल्यात येत नाही. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे अणकुचीदार असतात. ते चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान पडून नवे येतात, आणि तोवर पिल्लू दिसेल ते चावत राहते. पाच वर्षांचे मूल किंचाळले आणि हात झटकून पळाले की पिल्लाला तो खेळच वाटतो आणि ते आणखी जोराने दात लावते. यात ना पिल्लाचा दोष असतो ना मुलाचा. परंतु काही आठवड्यांतच मूल पिल्लाला घाबरू लागते आणि दोघांना वेगवेगळे ठेवण्यात मोठ्यांचा दिवस जातो. शी-शूची शिकवण, रात्रीचे उठणे, लसीकरणाच्या फेऱ्या आणि वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होणारी जंतनाशके हे सर्व वेगळेच. पिल्लांच्या पोटात गोल जंत सर्रास असतात आणि सतत तोंडात हात घालणाऱ्या मुलांना त्यांचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून हे काम टाळता येत नाही. इतके करून पिल्लू जरा वळणावर आले की त्याचे पौगंड सुरू होते. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांच्या २०२० मधील अभ्यासात पाच महिन्यांच्या वयात मालकाचे ऐकणारे कुत्रे आठव्या महिन्यात त्याचेच कमी ऐकताना दिसले होते. कुत्रे नकोसे होऊन सोडून देण्याची वेळ अनेक घरांत याच सुमारास येते, आणि ते मला फार दुःखद वाटते.

मोठ्या कुत्र्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, या आक्षेपात काही तथ्य जरूर आहे. परंतु मोठ्या कुत्र्याचा भूतकाळ जितका धूसर असतो, त्याहून पिल्लाचा भविष्यकाळ अधिक धूसर असतो. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा आकार, जोम आणि स्वभाव समोर दिसत असतो. प्राणी-निवाऱ्यात पाच-दहा मिनिटे घेतलेल्या स्वभावचाचणीवर मात्र विसंबू नये. कोंडलेला, गोंगाटाने त्रासलेला कुत्रा तेथे जसा वागतो तसाच घरी वागेल याची खात्री नसते. सर्वांत विश्वासार्ह माहिती मिळते ती ज्या कुटुंबाने त्या कुत्र्याला काही आठवडे वा महिने तात्पुरते सांभाळले असेल त्यांच्याकडून, त्यातही त्यांच्या घरी मुले असतील तर अधिकच. त्यांना नेमके प्रश्न विचारावेत. मूल अचानक धावले तेव्हा तो काय करतो? खात असताना किंवा हाड चघळत असताना कोणी जवळून गेले तर त्याचे अंग ताठ होते का? झोपेतून दचकून उठल्यावर तो कसा वागतो? कोठे हात लावलेला त्याला आवडत नाही? ‘स्वभावाने गोड आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. पहिली भेट फक्त मोठ्यांनी घ्यावी आणि नंतरच्या भेटींना मुलांना न्यावे. त्या भेटीत कुत्रा मुलांना केवळ सहन करतो आहे की आपणहून, सैल अंगाने, शेपटीसह कंबर हलवत त्यांच्याजवळ येतो आहे, हे पाहावे. मुलांकडे पाठ करून कोपऱ्यात शांत बसलेला कुत्रा अनेकांना ‘अगदी गरीब’ वाटतो. पुष्कळदा तो घाबरलेला असतो.

छोट्या मुलाला छोटा कुत्रा, हा हिशेब सोयीचा दिसतो पण उलटा आहे. चिवावा, टॉय पूडल यांसारख्या चिमुकल्या कुत्र्यांच्या पुढच्या पायांची हाडे इतकी बारीक असतात की मुलाच्या कडेवरून किंवा सोफ्यावरून पडूनही ती मोडू शकतात, आणि सतत उचलला जाणारा छोटा कुत्रा स्वतःच्या बचावासाठी दात दाखवायला शिकतो. मध्यम चणीचा, अंगाने भक्कम आणि वृत्तीने निवांत कुत्रा लहान मुलांना अधिक मानवतो.

कुरळ्या केसांच्या कुत्र्यांची ॲलर्जी होत नाही, हेही खरे नाही. ॲलर्जी केसांची नसतेच. ती कुत्र्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांची असते, आणि ही प्रथिने प्रत्येक कुत्र्यात असतात. लॅब्रॅडोर आणि कुरळ्या केसांचा पूडल यांचा लॅब्रॅडूडल हा संकर प्रसिद्ध केला तो ऑस्ट्रेलियातील वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये, पतीला ॲलर्जी असलेल्या एका दृष्टिहीन महिलेला मार्गदर्शक कुत्रा मिळावा म्हणून. पुढे या प्रकाराचा जो बेफाम व्यापार झाला त्याबद्दल त्यांनी स्वतःच खेद व्यक्त केला. मुलाला ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलावे आणि ज्या कुत्र्याला आणायचे आहे त्याच्याच सहवासात त्याला अनेकदा काही तास राहू देऊन पाहावे.

सवय लावण्याच्या नावाखाली मुलाला शेपूट ओढू देणे आणि खाण्याच्या भांड्यात हात घालू देणे, हा या संपूर्ण सल्ल्यातील सर्वांत घातक भाग आहे, आणि तो वाचताना मला दर वेळी भीती वाटते. आपण जेवत असताना कोणी रोज येऊन ताटात हात घातला तर आपल्याला त्याची सवय होत नाही, त्याचा राग येऊ लागतो. कुत्र्याचेही तसेच होते: जवळ येणारा हात म्हणजे हिरावून घेणारा हात, हे तो शिकतो, आणि ज्याला अन्न राखण्याची गरज वाटत नव्हती तोही ते राखू लागतो. पाळीव कुत्र्यांकडून लहान मुलांना होणारे बहुतेक चावे अनोळखी कुत्र्यांचे नसतात, ओळखीच्या किंवा घरच्याच कुत्र्याचे असतात. मूल खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा कोपऱ्यात अडकलेल्या कुत्र्याकडे गेलेले असते. आणि मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असल्याने जखम बहुधा चेहऱ्याला, डोक्याला किंवा मानेला होते.

‘अचानकच चावला’ असे नंतर सांगितले जाते, पण कुत्र्याने त्याआधी बऱ्याचदा अनेक परींनी नको म्हटलेले असते. झोप आलेली नसताना जांभई देणे, स्वतःचे नाक पुन्हा पुन्हा चाटणे, मान दुसरीकडे वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरके पाहणे, उठून दूर जाणे, अंग ताठ करून क्षणभर थिजणे आणि मग गुरगुरणे. मूल गळ्यात पडले आहे आणि कुत्रा तोंड फिरवून ओठ चाटतो आहे, अशी छायाचित्रे लोक कौतुकाने काढतात. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवून मुलाला बाजूला घ्यायला हवे असते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारणे ही तर दुहेरी चूक आहे, कारण त्याची अस्वस्थता तशीच राहते, फक्त इशारा बंद होतो. अमेरिकेतील पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये कुत्र्यांना बक्षीस देऊनच शिकवावे, शिक्षा करून नव्हे, अशी स्पष्ट भूमिका घेतली आहे. कुत्रा गुरगुरला तर मुलाला शांतपणे दूर न्यावे आणि तो कशामुळे गुरगुरला ते शोधावे. एरवी शांत असलेला कुत्रा असे करू लागला तर पशुवैद्यांकडून कान, दात आणि सांधे तपासून घ्यावेत, कारण मागे अनेकदा दुखणे असते. दात लागलाच, तर जखम किरकोळ दिसत असली तरी ती साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या बाबतीत थांबून पाहण्याला वाव नसतो.

सवय लावायचीच असेल तर ती मुलाला लावावी: खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याच्या जवळ जायचे नाही, त्याला मिठी मारायची नाही, त्याला आपल्याकडे बोलवायचे आणि तो आला तरच कुरवाळायचे. हे नियम न कळण्याच्या वयाचे मूल असेल तर मोठे माणूस त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर हवे. ते शक्य नसेल तेव्हा मधले दार किंवा जाळीचे फाटक बंद ठेवावे, आणि घरात एक जागा अशी असावी जेथे कुत्रा गेला की मुलाने त्याच्या मागे जायचे नाही.

राहिला जबाबदारीचा मुद्दा. मूल पाण्याचे भांडे भरू शकते, मोठ्यांच्या देखरेखीखाली चेंडू फेकू शकते, कुत्र्याला ‘बस’ शिकवताना खाऊ जमिनीवर टाकू शकते, आणि त्यातून ते खरोखरच पुष्कळ काही शिकते. परंतु कुत्र्याचा आजार ओळखणे, पट्टा ओढणाऱ्या कुत्र्याला रस्त्यावर आवरणे, लसींच्या तारखा सांभाळणे ही मुलाची कामे नव्हेत. मध्यम किंवा मोठ्या चणीचा कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. आठव्या वर्षी हट्ट करून कुत्रा मिळवलेले मूल त्याच्या म्हातारपणी विशीत आलेले असते आणि बहुधा घराबाहेर असते. मुलाने काम टाळले म्हणून कुत्र्याला उपाशी ठेवून कोणी त्याला धडा शिकवू शकत नाही, त्यामुळे काम शेवटी मोठ्यांवरच येते. कुत्रा आणायचा की नाही हे म्हणूनच घरातील निदान एका प्रौढ माणसाला तो स्वतःला हवा आहे का, यावर ठरवावे. असे कोणी नसेल, किंवा घरात नुकतेच बाळ आलेले असेल आणि मोठ्यांची झोपच पुरी होत नसेल, तर मुलाने कितीही गळ घातली तरी कुत्रा आणणे एक-दोन वर्षे पुढे ढकलावे.