वस्तू कुणाची, आणि बघायची कशी?

२०२४ च्या जुलैत वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर लंडनहून साताऱ्याला आली, तेव्हा वाद एकच रंगला: ती खरोखर महाराजांची का? व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, म्हणजे व्ही अँड एने, तशी खात्री देता येत नसल्याचं स्वतःच सांगितलं होतं. कोल्हापूरच्या अभ्यासकांनी तेच ठासून मांडलं. हा वाद व्हायलाच हवा. पण वस्तू आली की लोकांनी ती कशी बघायची, हा प्रश्न आपल्याकडे मागेच राहतो. लंडनला येणारे पाहुणे साउथ केन्सिंग्टनची तीन म्युझियमं एका दिवसात ‘करायला’ निघतात, तेव्हा त्याचीच आठवण होते.

व्ही अँड ए, नॅचरल हिस्ट्री आणि सायन्स म्युझियम एक्झिबिशन रोडच्या आजूबाजूला हाकेच्या अंतरावर आहेत. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या नफ्यातून इथली जमीन घेतली गेली. कायम मांडलेला संग्रह फुकट बघता येतो, खास प्रदर्शनांना तिकीट पडतं. ‘तिकडे सगळं फुकटच’ हे वाक्य मात्र अर्धंच खरं. १९८० च्या दशकात नॅचरल हिस्ट्री आणि सायन्सने तिकीट लावलं होतं, ते २००१ च्या डिसेंबरात सुटलं, तेही सरकारने पैसे घातले म्हणून. मुंबईत तिकीट वाढलं की ओरड होते. अनुदान किती, हे कुणी विचारत नाही.

आता बेताचं. एका दिवसात एक म्युझियम, फार तर दीड. शाळा चालू असताना मंगळवार ते गुरुवार या, दार उघडायच्या वेळी, म्हणजे दहाला. फेब्रुवारीच्या मध्यात, मेअखेर आणि ऑक्टोबरअखेर इथल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते. तेव्हा डायनासोरांपुढची रांग बघूनच पोरं रडकुंडीला येतात. नॅचरल हिस्ट्रीला क्रॉमवेल रोडच्या दाराऐवजी एक्झिबिशन रोडच्या दाराने जा. तिथे रांग बहुधा कमी आणि पायऱ्यांची कटकट नाही. २५.२ मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा नंतर आतूनच गाठता येतो. सायन्स म्युझियमची फुकट वेळ आधी नेटवर नोंदवून ठेवा.

हीथ्रोहून पिकॅडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला येते, त्यामुळे विमानातून उतरून सामानासकट म्युझियम गाठायचा मोह होतो. तो आवरा. स्टेशनात जिने आहेत आणि व्ही अँड ए चाकांच्या मोठ्या बॅगा आत घेत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना १४ किंवा ७४ नंबरच्या बसने न्या, दाराजवळ उतरता येतं.

व्ही अँड एमध्ये खोली क्रमांक ४२ गाठा. तिथे अर्दबीलचा गालिचा आहे, इराणात १५३९-४० मध्ये विणलेला, सुमारे साडेदहा मीटर लांब. रंग उडू नयेत म्हणून दिवे मंद ठेवतात, आणि दर तासाला व अर्ध्या तासाला दहाच मिनिटं उजळतात. लोक अंधारात डोकावून ‘काही दिसत नाही’ म्हणत पुढे जातात. घड्याळ बघून पाच मिनिटं आधी पोचा आणि थांबा. दिवे चढले की मधली पदकासारखी पिवळी नक्षी आणि तिच्या दोन टोकांना लटकणारे, गालिच्यातच विणलेले दिवे दिसतात, एक मोठा, एक लहान. मग अंगणात जाऊन बसा. तिथल्या उथळ पाण्यात पोरांनी पाय बुडवले तर कुणी हटकत नाही.

शुक्रवारी व्ही अँड ए रात्री दहापर्यंत उघडं असतं. मुंबईत काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तितक्याच जवळजवळ आहेत. पण वास्तुसंग्रहालय सहाला मिटतं, म्हणजे फोर्टातली ऑफिसं सुटायच्या सुमाराला. आधुनिक कलेवाले सोमवारी बंद. आठवड्यातला एक दिवस तिघांनी मिळून रात्री नऊपर्यंत उघडं राहायचं ठरवलं, तर नवी इमारतसुद्धा लागणार नाही.

आणि ज्यांना ‘आमच्या वस्तू तुमच्या तळघरात का?’ हे विचारायचं आहे, त्यांनी पूर्व लंडनमधलं व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस गाठावं. ते २०२५ च्या मेअखेर उघडलं. कोणीही, पैसे न भरता, कोठारातल्या पाचपर्यंत वस्तू नेटवरून मागवू शकतो. किमान दोन आठवडे आधी नोंदणी करायची, ठरल्या वेळी कर्मचारी त्या टेबलावर आणून ठेवतात. तिकिटं काढायच्या आधीच वस्तू निवडा, कारण मुक्कामी पोचल्यावर दोन आठवडे उरत नाहीत. वस्तू परत मागायची ती जरूर मागा. पण साताऱ्यात असो, नागपुरात असो, आपल्या कोठारातली एखादी वस्तू मला टेबलावर आणून दाखवा असं म्हणायची सोय कुठे आहे, हेही त्याच दमात विचारा.