काशाच्या वाटीचा काळेपणा

इंदूरच्या मराठी घरांत सध्या एक संदेश फार फिरतो आहे. रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासले की ते काळे पडतात, तो काळेपणा म्हणजे शरीरातून निघालेले विष होय, आणि तळपायांशी 72,000 नाड्या येऊन मिळत असल्याने मधुमेह्यांनी तर पाय पूर्ण काळे होईपर्यंत ही मालीश रोज करावी, असे त्यात म्हटले आहे. वाटीशी माझे वैर नाही; रामबागेतल्या आमच्या घरी आजीची वाटी अजून फडताळात आहे. संदेशातले एकही विधान मात्र टिकत नाही.

कासे हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तुपाचा हात लावलेल्या तळव्यावर वाटी घासली की धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात, तूप व घाम यांतल्या आम्लांशी त्यांचा संयोग होतो आणि करडा-काळा लेप बसतो. दिवाळीपूर्वी पितळी समई घासताना फडकेही काळे होते. त्या फडक्यातून विष निघाले असे कोणी म्हणत नाही. रक्तातली टाकाऊ द्रव्ये वेगळी काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

72,000 हा आकडा हठयोगाच्या ग्रंथांतला आहे, पण तिथे नाड्यांचे, म्हणजे प्राण वाहणाऱ्या मार्गांचे, मूळ नाभीजवळच्या कंदात (गाठीसारख्या स्थानात) सांगितले आहे, तळपायांत नाही.

मधुमेह्यांना दिलेला सल्ला नुसता चुकीचा नाही, घातक आहे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पायांच्या नसा पुष्कळदा निकामी होऊ लागतात आणि वेदना कळेनाशी होते. अशा तळव्याला वाटीची कड लागून तो सोलवटला तरी त्या माणसाला पत्ता लागत नाही, आणि पुढे ती जखम लवकर भरतही नाही. त्यात 'पूर्ण काळे होईपर्यंत' अशी अट घातल्यावर घासणाऱ्याचा हात थांबायचा कधी? बर्तन बाजारातून वाटी आणण्याआधी अशांनी डॉक्टरांना पाय दाखवावेत.

मग मालीश करावीच कशाला, असे कोणी विचारील. वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोज अभ्यंग, म्हणजे तेलाची मालीश, करावा, तोही डोके, कान आणि पाय यांना विशेषेकरून, असे सांगितले आहे. तिथे म्हातारपण, श्रम आणि वात यांचे शमन हे फळ दिले आहे, काळेपणाचा उल्लेख नाही. जेवणे उरकल्यावर आजी आमचे पाय मांडीवर घेई, तेव्हा तीही रंग पाहत नसे. पायाची बोटे सैल पडली की ती वाटी पुसून ठेवी.