वायफायवर असाल तर ती टिक काढू नका

सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी आमचं लाइव्ह ज्यांचं ज्यांचं अडकलं त्यांची मनापासून माफी मागतो, पण मंडळी, थोडं बोलायचंय.

सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याचा 'दिड्डम दिड्डम' गजर सुरू झाला आणि तिकडं पुण्यात आत्याच्या टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरतंय. गुडघ्यांमुळं तिला दोन वर्षं सोलापूरला येता आलं नाही, बिचारी अक्षता मुठीत धरून टीव्हीपुढं बसलेली, आणि चित्र हललं तेव्हा इकडं अक्षता पडून गेलेल्या. फोनवर काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

आता हे का झालं ते सांगतो. मोठ्या साइटवर ऐन सोहळ्यात जाहिरात येते म्हणून आपण पीअरट्यूब लावलं, स्वतःची व्हिडिओ साइट चालवायचं सॉफ्टवेअर, फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेचं, २०२१ च्या जानेवारीपासून त्यात लाइव्हपण आहे. आपला सर्व्हर भाड्याचा, लाइन १०० एमबीपीएस, एकाला चांगलं चित्र द्यायला साधारण अडीच लागतात, म्हणजे चाळीस माणसं झाली की लाइन फुल्ल, आणि बघणारे दीडशेच्या वर! तरी चालायला पाहिजे होतं, कारण यात बघणाऱ्याकडं आलेले व्हिडिओचे तुकडे त्याच्याकडनं दुसऱ्या बघणाऱ्याला जातात, सगळा भार सर्व्हरवर येत नाही. पण माझ्या प्लेअरवर पीअर्स, म्हणजे असे तुकडे देणारे-घेणारे, किती, तर तीन. नंतर विचारलं तर निम्म्या लोकांनी तुकडे पुढं द्यायचं सेटिंग बंद केलेलं, कुणीतरी 'डेटा चोरतंय' म्हणून फॉरवर्ड केलं होतं.

अहो चोरी कसली? लग्नात अक्षतांचं ताट पुढनं येतं, आपण मूठभर घेतो आणि मागं सरकवतो, वाटणारा एकटा शेवटच्या रांगेपर्यंत कुठं पोचणार? आणि इथं तर मागं दिलं म्हणून आपल्या मुठीतलं कमीपण होत नाही.

हां, मोबाइल डेटावर असाल, दिवसाला दीड जीबीवाला पॅक असेल, तर खुशाल बंद ठेवा, मीच सांगतो. आणि यात तुमचा आयपी अॅड्रेस बाकीच्या बघणाऱ्यांच्या कॉम्प्युटरला कळू शकतो, ते ज्यांना नको वाटतं त्यांनीपण बंद ठेवा, काही राग नाही. पण घरी फायबर आहे त्यांचं काय? १ एमबीपीएसनं तासभर दिलं तर ४५० एमबी जातात, तुमची अपलोडची लाइन एरवी दिवसभर रिकामीच पडलेली असते की.

सेटिंग्जमध्ये जा, चालू व्हिडिओ शेअर करायला मदत करा अशा अर्थाची इंग्रजीत टिक आहे, ती लावा. परवा पुण्याला जाऊन आत्याच्या घरी मी स्वतः लावून आलो.

येत्या रविवारी संध्याकाळी सातला तळ्याकाठनं टेस्ट लाइव्ह करतोय. दहा मिनिटं तरी या, टिक लावून या, पीअर्सचा आकडा तीनच्या किती वर जातो ते बघायचंय.